‘आपला ब्राउझर कालबाह्य आहे’: शासकीय संकेतस्थळे चालवणाऱ्यांस खुले पत्र

प्रति,
नागरिकांसाठीच्या ऑनलाइन सेवांची संकेतस्थळे मंजूर करणारे, बांधणारे आणि चालवणारे सर्व अधिकारी व अभियंते

विषय : ब्राउझर जुना असल्याच्या कारणावरून अर्जदारांना संकेतस्थळाबाहेर ठेवण्याबाबत

महोदय, महोदया,

परभणी जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावी मी गेली पंधरा वर्षे सेवा केंद्र चालवते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर, रहिवास, शिष्यवृत्ती, पीक विमा अशी कामे माझ्याकडच्या चार संगणकांवरून होतात, आणि जून-जुलैच्या दिवसांत सकाळी शटर वर करण्याआधीच पायरीवर आठ-दहा माणसे बसलेली असतात. या जूनमध्ये, ज्या संकेतस्थळावर आमचे निम्म्याहून अधिक काम चालते ते कोणतीही पूर्वसूचना न देता बदलले, आणि चारपैकी दोन संगणकांवर लॉगिनचे पानच उघडेनासे झाले. त्या संकेतस्थळाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. आज ते आहे, उद्या दुसरे असेल. माझी तक्रार या निर्णयामागे जी समजूत आहे तिच्याबद्दल आहे.

घडले ते असे. बारावी झालेली एक मुलगी आणि तिची आई नॉन-क्रीमी लेयरसाठी आल्या होत्या. मुलीने कागद काढून टेबलावर मांडले: रेशन कार्डाची झेरॉक्स, उत्पन्नाचे दाखले, शाळा सोडल्याचा दाखला, फोटो. एकही कागद कमी नव्हता, आणि असे आमच्या धंद्यात क्वचितच होते. मी तीन नंबरच्या संगणकावर पत्ता टाकला. पांढरे पान आले, मधोमध करडी चौकट, आणि तीत इंग्रजीत एवढेच, की आपला ब्राउझर कालबाह्य आहे, कृपया अद्ययावत करा. खाली एकच बटण. पुढे जाण्याची सोय नाही, मदतीचा फोन नाही, मराठीत एक ओळ नाही. ते बटण दाबल्यावर ब्राउझरच्या कंपनीचे पान उघडले आणि तिथे वाचायला मिळाले की या संगणकावर विंडोज ७ असल्याने यापुढची आवृत्ती त्याला मिळणार नाही. मी मागे वळून म्हणाले, “ब्राउझर जुना झालाय म्हणतंय.” आईने बांधलेली पिशवी पुन्हा सोडली आणि विचारले, “तो बी कागद लागतो का? कुठं काढून मिळतो, तहसीलात?”

मला हसू आले नाही. काम अडले म्हणजे एखादा कागद कमी पडला, एवढे या बाईला आजवरच्या हेलपाट्यांनी शिकवलेले होते, आणि त्या हिशेबाने तिचा प्रश्न अगदी रास्त होता. त्या दिवशी एक आणि दोन नंबरच्या संगणकांसमोर रांग दाराबाहेर गेली. मुलीचा अर्ज दुसऱ्या दिवशी भरला गेला, पण त्यासाठी पेरणीच्या दिवसांतली आईची एक रोजी बुडाली आणि येण्या-जाण्याचे जीपभाडे दुसऱ्यांदा पडले.

आपल्यापैकी काहीजण आताच म्हणत असतील की जुने संगणक ठेवणाऱ्यांनी शासनाला दोष का द्यावा. म्हणून आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मी जुन्या ब्राउझरची वकिली करायला बसलेले नाही. जानेवारी २०१० मध्ये गूगलने आपल्यावर झालेला हल्ला जाहीर केला तेव्हा तो इंटरनेट एक्स्प्लोररमधल्या फटीतून झाल्याचे उघड झाले, आणि जर्मनी व फ्रान्सच्या सरकारी यंत्रणांनी तो ब्राउझर तूर्त वापरू नका असे लोकांना सांगितले. मे २०१७ मधले वॉनाक्राय, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, आमच्या पिढीतल्या प्रत्येक केंद्र चालकाला आठवते. विंडोजमधल्या ज्या फटीतून ते शिरले तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेली होती; ज्यांनी ती चढवली नव्हती त्यांच्या फायली कुलूपबंद झाल्या. त्या आठवड्यात मी रात्री जागून चारही संगणकांवर ती दुरुस्ती चढवली. अद्ययावत राहणे म्हणजे काय, हे मला कोणी शिकवण्याची गरज नाही. २०११ साली विंडोज एक्सपीवर मराठी जोडाक्षरे नीट दिसावीत म्हणून ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’च्या चौकोनात खूण करून विंडोजची सीडी घालणारी आमचीच पिढी आहे.

जोडणीच सुरक्षित होऊ शकत नसेल तर दार लावावे, हेही मला मान्य आहे. टीएलएस, म्हणजे ब्राउझर आणि संकेतस्थळ यांच्यातली जोडणी सुरक्षित ठेवण्याची पद्धत; तिच्या १.० आणि १.१ या जुन्या आवृत्त्या मोठ्या ब्राउझरांनी २०२० च्या सुमारास बंद करायला घेतल्या आणि मार्च २०२१ मध्ये इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेने त्या रीतसर मोडीत काढल्या. ज्या यंत्राला त्यापलीकडचे काहीच येत नाही त्याच्याकडून आधार क्रमांक आणि बँक खात्याची माहिती घेऊ नये. असा निर्णय आपण जाहीर केलात तर केंद्र चालकांच्या बैठकीत मी आपल्या बाजूने बोलेन.

परंतु माझ्या तीन नंबरच्या संगणकावर असा प्रश्नच नव्हता. त्यावरचा क्रोम १०९ हा विंडोज ७ ला मिळालेला शेवटचा क्रोम आहे, कारण फेब्रुवारी २०२३ मध्ये ११० वी आवृत्ती आली तिने विंडोज ७ आणि ८ सोडले. हा १०९ टीएलएस १.३ व्यवस्थित जाणतो. त्यानंतर सापडलेल्या फटी त्यात बुजवलेल्या नाहीत हे खरे, आणि म्हणूनच त्या संगणकावर मी बँकेचे काम कधी करत नाही. तरीही सुरक्षेचा मुद्दा आपला आहे असे धरून मी त्याच संगणकावर फायरफॉक्सची ११५ वी दीर्घकालीन आवृत्ती घातली. मोझिलाने ती विंडोज ७ आणि ८ साठी ठरल्या मुदतीनंतरही, अगदी २०२५ मध्येसुद्धा, सुरक्षेच्या दुरुस्त्या देत चालू ठेवली होती. आपल्या पानाने तिलाही तीच करडी चौकट दाखवली. मग माझ्या भाच्याने चार नंबरच्या संगणकावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली बसवून त्यावर त्या आठवड्यात आलेला अगदी ताजा फायरफॉक्स चढवला. करडी चौकट. जगातल्या कोणत्याही मोजमापाने जो ब्राउझर नवा होता, त्यालाही आपल्या दाराने कालबाह्य ठरवले!

शेवटी भाच्याने फायरफॉक्सवर एक लहानसे एक्स्टेंशन लावले, ज्याच्यामुळे ब्राउझर संकेतस्थळाला आपले नाव वेगळे सांगतो. बाकी काहीही बदलले नाही. तोच बारा-तेरा वर्षांचा संगणक, तीच दोन जीबी रॅम, तीच फोनच्या तारेवरची लाइन. पान उघडले, ओटीपी आला, कागद चढले, पावती निघाली. मी हे माझ्या स्वतःच्या रहिवास दाखल्याच्या अर्जावर करून पाहिले आणि ते एक्स्टेंशन त्याच संध्याकाळी काढून टाकले, कारण खोटे नाव सांगून शासनाच्या दारात शिरायची मला सवय नाही आणि लोकांचे अर्ज तशा वाटेने भरण्याचा मला अधिकारही नाही. पण त्या एका अर्जाने एवढे कळले की अडचण यंत्राच्या ताकदीची नव्हती आणि जोडणीच्या सुरक्षेचीही नव्हती. आपल्या पानाने ब्राउझरची पाटी वाचली आणि पाटी यादीत नाही म्हणून परत पाठवले. ही माझी पहिली तक्रार आहे, आणि बाकीच्या तक्रारी तिच्यातूनच निघतात.

पाटी वाचून निवाडा करणे किती फसवे असते हे आपल्या अभियंत्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. २००९ मध्ये ऑपेरा हा ब्राउझर दहाव्या आवृत्तीला पोहोचला तेव्हा अनेक संकेतस्थळे त्यातला पहिलाच आकडा वाचून त्याला ‘एक’ समजू लागली, आणि त्या कंपनीवर आपली ओळख कायम ९.८० अशी सांगत राहण्याची पाळी आली. मार्च २०२२ मध्ये क्रोम शंभरीला आला तेव्हा दोनच आकडे वाचणारी पाने त्याला दहावी आवृत्ती समजतील अशी भीती होती, म्हणून गूगल आणि मोझिला या दोघांनीही महिनोन्महिने आधी चाचण्या घेतल्या. ब्राउझरला अमुक गोष्ट येते का, हे त्याला करायला लावूनच तपासावे, नावावरून ताडू नये, हा या व्यवसायातला जुना धडा आहे. मी संगणकशास्त्र शिकलेली नाही. तरी मला तो ठाऊक आहे.

दुसरी तक्रार सांगताना मला थोडा राग येतो, तो शब्दांत येऊ न देण्याचा प्रयत्न करते. आम्हाला जुने राहायला कोणी लावले? माझ्या केंद्रात चार नंबरच्या संगणकावर कित्येक वर्षे एक चिठ्ठी चिकटवलेली होती: ‘अपडेट करू नये. हात लावू नये.’ डिजिटल सहीच्या टोकनवरून सही करण्यासाठी जी शासकीय संकेतस्थळे आम्ही वापरत होतो त्यांना इंटरनेट एक्स्प्लोररच हवा असे, तोही कॉम्पॅटिबिलिटी व्ह्यूमध्ये. जावा जुनेच हवे, कारण नवे घातले की सहीची खिडकी उघडत नसे. संकेतस्थळाचा पत्ता ‘ट्रस्टेड साइट्स’मध्ये घाला, ॲक्टिव्हएक्सच्या, म्हणजे ब्राउझरमधून संगणकावर प्रोग्राम चालवू देणाऱ्या सोयीच्या, सगळ्या खुणा ‘एनेबल’ करा, सुरक्षेची पट्टी खाली ओढा. या सूचना कोणा उपटसुंभाच्या नव्हत्या. त्याच संकेतस्थळांवर पीडीएफच्या रूपात, चित्रांसह, ‘वापरकर्त्यांसाठी मार्गदर्शिका’ या नावाखाली त्या उपलब्ध होत्या, आणि आम्ही त्यांच्या छापील प्रती भिंतीला लावल्या होत्या.

क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये जावाचे असे प्लग-इन चालवणे थांबवले. म्हणजे जग पुढे जात होते तेव्हा आम्ही सुरक्षेची पट्टी खाली ओढून मागे उभे होतो, कारण सही तिथेच होत होती. मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी इंटरनेट एक्स्प्लोरर निवृत्त केला, तेव्हाही सहीच्या कामासाठी जुने यंत्र जपून ठेवा असेच आम्हाला फोनवर सांगण्यात आले. ज्यांनी काल ‘अपडेट करू नका’ म्हटले त्यांनी आज ‘अपडेट नाही म्हणून बाहेर’ म्हणावे, आणि मधल्या काळाबद्दल एक शब्दही बोलू नये, हे मला न्याय्य वाटत नाही. असे फक्त आपल्याकडेच झाले असे मी म्हणणार नाही. दक्षिण कोरियाने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ऑनलाइन बँकिंगसाठी आपली स्वतःची सांकेतिक पद्धत आणि अधिकृत प्रमाणपत्रे आणली, ती ब्राउझरमध्ये ॲक्टिव्हएक्समधून चालत, आणि त्यामुळे तो प्रगत देश सुमारे दोन दशके एकाच ब्राउझरच्या दावणीला बांधलेला राहिला. त्या प्रमाणपत्रांची खास मान्यता डिसेंबर २०२० मध्ये संपली. तिथे जनता मागासलेली होती म्हणून तसे झाले असे कोणी म्हणत नाही.

तिसरी तक्रार कायद्याशी संबंधित आहे, आणि मला ती सर्वांत गंभीर वाटते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ ने अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळण्याचा हक्क आम्हाला दिला. मुदतीत सेवा मिळाली नाही तर पहिले अपील, दुसरे अपील आणि मग आयोग. पण ही सारी शिडी अर्ज दाखल झाल्यानंतर सुरू होते. करड्या चौकटीपाशी परतलेल्या माणसाचा अर्जच नाही. अर्ज नाही म्हणून पावती नाही, पावती नाही म्हणून मुदत सुरू नाही, मुदत नाही म्हणून विलंब नाही, आणि विलंबच नाही तर अपील कशावर करायचे? त्याचे काम फेटाळलेसुद्धा गेलेले नाही. दप्तरात तो आलाच नव्हता.

आणि यातून पुढे आणखी एक विचित्र गोष्ट होते. आपण सहा महिन्यांनी आकडेवारी काढाल तेव्हा लॉगिन झालेल्यांपैकी जवळजवळ सर्वांचे ब्राउझर नवे निघतील, आणि जुने ब्राउझर आता कोणी वापरतच नाही असा शेरा फाइलवर पडेल. ज्यांना आत येऊ दिले नाही ते मोजणीत येणार कसे?

“नवा संगणक घ्या ना” हे उत्तर मला तीन वेगवेगळ्या फोनवर मिळाले. मी घेते. एक नंबरचा २०२२ मध्ये घेतला. दोन नंबरचा २०१६ चा आहे, विंडोज १० वर उत्तम चालतो, पण विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो, म्हणून त्याला पुढे जाता येत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची साथ संपली. एज ब्राउझर विंडोज १० वर किमान ऑक्टोबर २०२८ पर्यंत अद्ययावत ठेवू असे मायक्रोसॉफ्टने म्हटले आहे, म्हणजे चांगला चालणारा संगणक केवळ पाटीपायी भंगारात घालण्याची वेळ यायला अजून अवकाश आहे. पण आपली यादी उद्या ब्राउझरऐवजी विंडोजची पाटी वाचू लागली तर माझ्याकडे चारातला एकच उरेल. ज्या गावांत केंद्रच एका जुन्या लॅपटॉपवर चालते तिथे काय होईल, याचा विचार मंजुरीच्या बैठकीत कोणी मांडला होता का, हे जाणून घ्यायला मला आवडेल.

मोबाइलवाल्यांचे याहून बिकट आहे, कारण त्यांना स्क्रू काढून रॅमही वाढवता येत नाही. २०२५ मध्ये क्रोमने अँड्रॉइड ८ आणि ९ सोडले. २०१७ मध्ये आलेला बटणांचा जिओफोन आजही आमच्याकडे अनेक आजींच्या हातात आहे, आणि त्यातला ब्राउझर फायरफॉक्सच्या ४८ व्या, म्हणजे २०१६ सालच्या, गाभ्यावर बेतलेला आहे. ‘कृपया अद्ययावत करा’ हे वाक्य त्या आजींना वाचून दाखवले तरी त्यात करण्यासारखे काही नाही. तो ब्राउझर बदलायचे कोणतेही बटण त्या फोनवर नाही. अर्जाची सद्यःस्थिती पाहायला निदान एक साधे पान तरी त्यावर उघडावे, इतकीच अपेक्षा आहे.

खासगी कंपन्या हेच करतात, असाही एक युक्तिवाद मी ऐकला. करतात. यूट्यूबने २००९ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर ६ वापरणाऱ्यांना पट्टी दाखवायला सुरुवात केली आणि मार्च २०१० मध्ये त्याची साथ सोडली. ऑस्ट्रेलियातल्या कोगन या ऑनलाइन दुकानाने तर २०१२ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोरर ७ वरून खरेदी करणाऱ्यांवर ६.८ टक्के ‘कर’ लावला होता, ब्राउझर बाजारात आल्यापासून महिन्याला ०.१ टक्का या हिशेबाने. गंमत म्हणून मला तो आवडलाही. पण कोगनच्या गिऱ्हाइकाला शेजारचे दुकान होते. नॉन-क्रीमी लेयरचा दाखला शेजारच्या दुकानात मिळत नाही. जी सेवा आपल्याखेरीज कोणी देऊ शकत नाही आणि जिच्यावाचून मुलीचा प्रवेश अडतो, तिच्या दाराला खासगी दुकानाचा नियम लावता येत नाही. यूट्यूबनेसुद्धा आधी महिनोन्महिने पट्टी दाखवली आणि मग हात काढला, हेही इथे नोंदवते.

जबाबदारीने कसे वागता येते याची उदाहरणे आहेत. ३० सप्टेंबर २०२१ रोजी लेट्स एन्क्रिप्ट या, संकेतस्थळांना सुरक्षित जोडणीची मोफत प्रमाणपत्रे देणाऱ्या, संस्थेच्या जुन्या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपणार होती, आणि ७.१.१ पूर्वीच्या अँड्रॉइड फोनांवर असंख्य संकेतस्थळे एका दिवसात उघडेनाशी होणार होती. त्या संस्थेने जवळजवळ वर्षभर आधी हे जाहीर केले आणि मग तांत्रिक वाट शोधून त्या फोनांना आणखी तीन वर्षे मिळवून दिली. वॉनाक्रायच्या वेळी मायक्रोसॉफ्टने तीन वर्षांपूर्वी साथ सोडलेल्या एक्सपीलासुद्धा दुरुस्ती दिली होती. ब्रिटनमधल्या सरकारी सेवांच्या कार्यपुस्तिकेत पान आधी साध्या एचटीएमएलवर, म्हणजे पानाच्या मूळ सांगाड्यावर, चालले पाहिजे आणि सजावट व सोयी त्यावर चढवाव्यात, असा दंडक आहे. आपल्याकडेही शासकीय संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत आणि ती दोनदा सुधारली गेली आहेत. निविदेत त्यांचा उल्लेख असतो हे मी पाहिले आहे. संकेतस्थळ हाती घेताना कोणी ती उघडून पाहते का, एवढाच प्रश्न.

आता मागण्या.

सध्याची अडवणूक तत्काळ काढावी आणि तिच्या जागी सूचना लावावी. ती मराठीत असावी, ब्राउझर जुना असल्याने कोणता धोका आहे हे दोन वाक्यांत सांगणारी असावी आणि तिच्याखाली ‘समजले, पुढे जा’ असे बटण असावे. जिथे सुरक्षित जोडणी खरोखरच होऊ शकत नाही तिथेच दार बंद ठेवावे, आणि तसे कारण त्या पानावर स्पष्ट लिहावे.

ब्राउझरचे किंवा विंडोजचे नाव पाहून निवाडा करण्याची पद्धत बंद करावी. जे लागते ते येते का, तेवढे तपासावे. फायरफॉक्स आणि लिनक्स यांना परके समजणे थांबवावे. माझ्यासारखीला जुन्या यंत्रावर नवा, सुरक्षित ब्राउझर चालवण्याचा तो एकच स्वस्त मार्ग आहे, आणि आज तोच आपण अडवला आहे. डिजिटल सहीचे सॉफ्टवेअरही लिनक्सवर चालेल असे द्यावे.

यापुढे कोणताही ब्राउझर किंवा प्रणाली सोडायची असेल तर किमान सहा महिने आधी लेखी कळवावे, ते पत्र प्रत्येक केंद्राला आणि तहसील कार्यालयाच्या फलकावर जावे, आणि बदलाची तारीख जून ते ऑगस्टमध्ये कधीही नसावी. प्रवेश, शिष्यवृत्ती आणि पीक विमा या तिन्हींची गर्दी याच महिन्यांत असते हे आपल्याच नोंदींवरून दिसेल.

जो अर्जदार तांत्रिक कारणाने परतला त्याची नोंद घ्यावी. करड्या चौकटीवर एक ‘मी अर्ज करायला आलो होतो’ असे बटण द्यावे, त्यातून दिनांक आणि वेळ असलेला क्रमांक मिळावा, आणि शेवटची तारीख मोजताना तो क्रमांक ग्राह्य धरावा. हे शक्य नसेल तर तोवर तहसीलमध्ये कागदी अर्ज घेऊन पोच द्यावी. लोकसेवा हक्काची मुदत त्या पोचेपासून धरावी.

अशा कारणाने परतलेल्यांची संख्या दर तिमाहीला जाहीर करावी.

आणि शेवटची मागणी: नवे संकेतस्थळ सुरू करण्याआधी ते एका खऱ्या ग्रामीण केंद्रात, खऱ्या संगणकावर, बाजाराच्या दिवशी चालवून पाहावे. आमच्याकडे बाजार गुरुवारी भरतो. तीन नंबरचा संगणक अजून चालू आहे. आपल्यापैकी कोणी आले तर त्याच्यासमोरच्या खुर्चीवर बसवून एक अर्ज सुरुवातीपासून पावतीपर्यंत भरायला देईन. ओटीपीसाठी मोबाइल मात्र स्वतःचा आणावा.

या पत्राचे लेखी उत्तर तीस दिवसांत मिळावे, अशी विनंती आहे. ते मी केंद्राच्या भिंतीवर, त्या जुन्या मार्गदर्शिकेच्या शेजारी लावेन.

आपली,
एक सेवा केंद्र चालक
जिल्हा परभणी